हरिभाऊ आपटे वाचायचे, तर सुरुवात कुठून?

मराठी कादंबरीला राजपुत्र आणि जादूगारांच्या दुनियेतून काढून माजघरात आणून बसवणारे हरी नारायण आपटे जन्माने खानदेशचे. ८ मार्च १८६४ रोजी पारोळ्याला त्यांचा जन्म झाला. त्या वेळी खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याचा कारभार धुळ्याहून चाले. १९०६ मध्ये जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. धुळे-जळगाव रस्त्यावरचे पारोळे पूर्व खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात गेले. जन्माच्या हिशेबाने हरिभाऊंवर धुळे आणि जळगाव या दोघांचाही हक्क पोहोचतो.

वास्तव्याचा हिशेब मात्र वेगळा आहे. कुटुंब आधी मुंबईला आणि १८७८ मध्ये पुण्याला गेले. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये टिळक-आगरकरांच्या काळात हरिभाऊ शिकले, १८८३ मध्ये मॅट्रिक झाले. कॉलेजात गणिताने वाट अडवली आणि पदवी राहून गेली. चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी संस्कृत ग्रंथांच्या जतनासाठी पुण्यात आनंदाश्रम ही संस्था काढली होती. तिची व्यवस्था पाहत हरिभाऊंनी आयुष्य काढले. ३ मार्च १९१९ रोजी ते पुण्यातच वारले. त्यांच्या गाजलेल्या सामाजिक कादंबऱ्यांचे जग पुण्या-मुंबईचे, पांढरपेशा ब्राह्मण घरांचे आहे. खानदेशातल्या वाचकाने त्यांत आपला मुलूख किंवा अहिराणी बोली शोधायला जाऊ नये.

पहिली कादंबरी १८८५ ची आणि शेवटची बंद पडली ती १९१७ मध्ये. या बत्तीस वर्षांत पुऱ्या-अपुऱ्या मिळून दहा सामाजिक आणि अकरा ऐतिहासिक कादंबऱ्या हरिभाऊंनी लिहिल्या. गोष्टी, नाटके, भाषांतरे, व्याख्याने ही निराळीच. अशा लेखकापुढे नव्या वाचकाची पंचाईत होते. शाळेत धडा वाचलेला असतो, चार नावे कानावर असतात, आणि ग्रंथालयात गेल्यावर हाताला लागेल तो जाडजूड खंड घरी येतो. शंभर पानांनंतर तो परत जातो आणि त्याबरोबर लेखकही. हे टाळायचे तर या कादंबऱ्या कशा लिहिल्या गेल्या, हे आधी समजून घ्यावे लागते.

हप्त्याहप्त्याची कादंबरी

हरिभाऊंच्या बहुतेक कादंबऱ्या पुस्तक म्हणून लिहिल्याच गेल्या नाहीत. ‘मधली स्थिती’ ‘पुणे वैभव’मधून क्रमशः आली. १८९० च्या ऑक्टोबरात त्यांनी स्वतःचे ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि पुढची पाव शतकाहून अधिक वर्षे चालवले. राजकीय वादाची धार ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांच्याकडे होती. ‘करमणूक’ घरात सगळ्यांनी वाचावे असे होते: कादंबरीचा हप्ता, एखादी स्फुट गोष्ट, कविता, चरित्र, शास्त्रीय माहिती. केशवसुतांच्या कविताही त्यात आल्या, आणि त्यांचा पहिला संग्रह हरिभाऊंनीच १९१७ मध्ये संपादून प्रसिद्ध केला.

कादंबरीकार आणि संपादक एकच, ही सोय चार्ल्स डिकन्स यांनीही ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ (१८५०) आणि ‘ऑल द इयर राउंड’ (१८५९) ही साप्ताहिके काढून करून घेतली होती. हरिभाऊ स्कॉट, डिकन्स, थॅकरे आणि रेनॉल्ड्स वाचून वाढले. त्यांचे गुण-दोष दोन्ही या हप्त्यांत सापडतात. अंक वेळेवर निघायचा असल्याने पाल्हाळ होतो, मूळ कथानक आठवडेच्या आठवडे बाजूला राहते, लेखक थांबून वाचकाशी गप्पा मारतो. पण त्याच सवडीमुळे घरातले एकेक माणूस सावकाश उभे राहते. सासूचा टोमणा, दिराचे तुटक बोलणे, दारामागे चाललेली कुजबुज यांना पुरेशी जागा मिळते. एका वेळी अनेक कादंबऱ्या चालू असल्याने काही अर्ध्यावर सुटल्या. ‘गणपतराव’, ‘आजच’, ‘सूर्यग्रहण’ आणि ‘कर्मयोग’ या अपुऱ्याच राहिल्या.

यावरून निवडीची तीन गमके निघतात. पहिले पुस्तक पुरे झालेले असावे, हरिभाऊ स्वतःच्या सुरात आल्यानंतरचे असावे आणि पाल्हाळ सोसवेल इतकी त्यातल्या माणसांची ओढ वाटावी.

पहिले पुस्तक

या तिन्ही गमकांना उतरते ती ‘पण लक्षांत कोण घेतो!’. ती १८९० ते १८९३ या काळात ‘करमणूक’मधून आली, तेव्हा लेखनाला आरंभ करणारे हरिभाऊ सव्वीस वर्षांचे होते. यमुना ही आपली हकीकत स्वतः सांगते. बापाच्या धाकातले बालपण, दादाशी असलेला जिव्हाळा, लहानपणीच झालेले लग्न, सासरचा जाच, शिकलेल्या नवऱ्याबरोबर मुंबईत लाभलेले थोडे मोकळे दिवस, त्याचा मृत्यू आणि मग परत आलेल्या विधवेचे बळजबरीने केलेले केशवपन, असा तिच्या आयुष्याचा प्रवास आहे. तिची मैत्रीण दुर्गी उनाड नवऱ्याच्या हाती पडलेली आहे. तिचे दुःख यमुनेच्या दुःखाशेजारी ठेवले की हा एकटीच्या नशिबाचा खेळ नव्हे, घराघरातली रीत आहे, हे सांगावे लागत नाही.

या कादंबरीआधीही मराठीत कादंबऱ्या होत्या. बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’मध्ये (१८५७) विधवांची दुःखे मांडली होती, पण तिथे धर्मोपदेशाचा हात वर राहतो. हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि रिसबुडांची ‘मंजुघोषा’ या अद्भुताच्या वाटेने गेल्या. यमुनेच्या तोंडी मात्र बायकांची रोजची बोली आहे. काशीबाई कानिटकर आणि त्यांचे पती गोविंदराव हे हरिभाऊंचे स्नेही होते. स्वतः लिहिणाऱ्या शिकलेल्या स्त्रीशी वाङ्मयावर चर्चा करण्याची संधी त्या काळच्या फार थोड्या लेखकांना मिळाली.

कादंबरी चालू असताना बाहेर काय घडत होते, हे माहीत असले तर ती अधिक कळते. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. तो होऊन तीन तपे उलटली तरी घरातली रीत बदलली नव्हती. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी काढलेले शारदासदन पुढच्याच वर्षी पुण्याला आले. मार्च १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारावर गेले. त्यावरून पुण्यात सभा आणि लेखांचा धुरळा उडाला होता. त्याच महिन्यांत यमुनेची हकीकत दर आठवड्याला घरोघर पोहोचत होती. त्या वादात जिची बाजू कोणी विचारली नव्हती, ती मुलगीच इथे बोलते.

एवढा मोठा ग्रंथ एकदम हाती घ्यायचा नसेल, तर आधी हरिभाऊंची ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही दुष्काळावरची दीर्घ कथा वाचावी. ‘करमणूक’मधल्या त्यांच्या कथा पुढे ‘स्फुट गोष्टी’ या नावाने पुस्तकरूपात आल्या. पांढरपेशा चौकटीबाहेर पडून उपाशी माणसाकडे पाहणारे हरिभाऊ या कथेत भेटतात. त्यांचा पाल्हाळ इथे आवरलेला आहे आणि नजर तीच आहे.

त्यानंतर ‘मी’

दुसरी कादंबरी ‘मी’ (१८९३–९५) असावी. हीसुद्धा आत्मनिवेदन आहे. निवेदक आहे भावानंद. यमुनेच्या जगात जे सोसले गेले त्यावर काही करता येईल का, हा प्रश्न इथे पुढे जातो. भावानंदाची ताई संसारात पोळून निघते आणि शिक्षणाकडे वळते. तो स्वतः लग्नाचा विचार बाजूला सारून लोकसेवेला वाहून घेतो. अशा सेवाव्रती तरुणांची संस्था गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात काढली. तिची कल्पना दहा वर्षे आधी या कादंबरीत दिसते, याकडे अभ्यासकांनी अनेकदा लक्ष वेधले आहे. ‘मी’मध्ये विचारांची चर्चा पुष्कळ आहे, म्हणूनच ती यमुनेनंतर वाचावी, आधी नाही.

इतिहासाची वाट

ऐतिहासिक कादंबरीची आवड असणाऱ्यांनी ‘गड आला पण सिंह गेला’पासून (१९०३–०४) सुरुवात करावी. ती आटोपशीर आहे. तानाजी मालुसऱ्यांनी १६७० मध्ये सर केलेल्या सिंहगडाची कथा माहितीची असते, त्यामुळे हरिभाऊ इतिहासाभोवती कल्पित कसे गुंफतात हे चटकन ध्यानात येते: किल्लेदार उदयभानूच्या कैदेतल्या कमलकुमारीचे उपकथानक त्यांच्या कल्पनेतून आले आहे. बाबूराव पेंटरांचा मूकपट (१९२३) आणि व्ही. शांतारामांचा बोलपट (१९३३), असे दोन ‘सिंहगड’ या कादंबरीवरून निघाले.

पुढची पायरी ‘उषःकाल’ (१८९५–९७). सुलतानगडच्या किल्लेदाराचे विजापूरकरांशी इमान आणि त्याच्या मुलाला लागलेली स्वराज्याची ओढ, हा तिच्यातला पेच आहे. १८९५ मध्ये टिळकांनी रायगडावरच्या शिवाजी महाराजांच्या समाधीचा प्रश्न हाती घेतला आणि पुढच्या वर्षी तिथे शिवोत्सव झाला. नेमक्या त्याच वर्षांत ही कादंबरी हप्त्याहप्त्याने वाचली जात होती.

ती वाचताना एक तारीख लक्षात ठेवावी. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये आला, म्हणजे ‘उषःकाल’ पुरी झाल्यावर. ज्या राजवाड्यांचे दप्तर आणि नाव धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून सांभाळत आहे, त्यांनी गोळा केलेली अस्सल पत्रे ‘उषःकाल’ लिहिताना छापलेली नव्हती. बखरी, ग्रँट डफचा इतिहास आणि स्वतःची कल्पना एवढेच हरिभाऊंपुढे होते. तेव्हा ‘उषःकाल’ शिवकाळाचा दाखला म्हणून वाचू नये. शिवकाळाकडे १८९५ चे पुणे कसे पाहत होते, याचा दाखला म्हणून ती फार मोलाची आहे. खुद्द राजवाड्यांनीही १९०२ मध्ये ‘कादंबरी’ हा दीर्घ निबंध लिहून या वाङ्मयप्रकाराची चिकित्सा केली. हरिभाऊंच्या काळात कादंबरीबद्दल काय अपेक्षा होत्या हे समजायला तो उपयोगी पडतो.

मराठी इतिहासाबाहेर जायचे असेल तर दोन पुस्तके आहेत. ‘चंद्रगुप्त’मध्ये (१९०२–०४) चाणक्याच्या डावपेचांबरोबर सूडाने पेटलेली मुरादेवी आहे. ‘वज्राघात’ (१९१३–१५) ही १५६५ च्या तालिकोटच्या लढाईची आणि विजयनगरच्या नाशाची कादंबरी. रामराजा, त्याने टाकलेली मेहेरजान आणि तिचा मुलगा रणमस्तखान यांच्या नात्यांतून एका साम्राज्याचा शेवट घडतो. उत्तरवयात हरिभाऊंची हुकमत कुठे पोहोचली होती, हे ‘वज्राघात’वरून कळते.

मागे ठेवायच्या

प्रसिद्धीच्या क्रमाने वाचायचा आग्रह धरला तर आरंभालाच अडखळायला होते. ‘मधली स्थिती’वर रेनॉल्ड्सच्या कादंबरीची दाट छाया आहे आणि ‘म्हैसूरचा वाघ’ (१८९०–९१) मेडोज टेलरच्या टिपू सुलतानावरच्या कादंबरीवरून रचलेली आहे. हरिभाऊ कुठून निघाले ते पाहायला या दोन्ही चांगल्या, त्यांची ओळख करून घ्यायला नव्हेत. ‘जग हे असे आहे’, ‘भयंकर दिव्य’, ‘मायेचा बाजार’ या सामाजिक कादंबऱ्या ‘मी’नंतर कोणत्याही क्रमाने घेता येतात. अपुऱ्या कादंबऱ्या सर्वांत शेवटी. त्यांतली ‘गणपतराव’ थोडी आधी घ्यायला हरकत नाही, कारण ‘पण लक्षांत कोण घेतो!’पूर्वीची तयारी तिच्यात दिसते.

कादंबऱ्यांपलीकडेही हरिभाऊ आहेत. मोलिएरच्या नाटकांची रूपांतरे, ‘संत सखूबाई’ हे नाटक, रवींद्रनाथांच्या ‘गीतांजली’चे भाषांतर आणि मुंबई विद्यापीठात १९१५ मध्ये मराठी भाषेवर दिलेली विल्सन व्याख्याने ही अभ्यासकांची सामग्री आहे. १९१२ च्या अकोल्याच्या साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते.

कोणती प्रत घ्यावी

हरिभाऊंच्या लेखनावरचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला असल्याने त्यांची पुस्तके वेगवेगळ्या प्रकाशकांकडून निघतात. त्यांत संक्षिप्त आवृत्त्याही असतात आणि काही वेळा तसे ठळक लिहिलेले नसते. संक्षेपात घटना राहतात, पण बोलणी जातात. आणि हरिभाऊंचे बळ बोलण्यांत आहे. म्हणून पहिल्या पानांवर ‘संक्षिप्त’ किंवा ‘संपादित’ असे काही आहे का ते पाहावे आणि संपूर्ण आवृत्तीच घ्यावी. जळगावचे व. वा. जिल्हा वाचनालय किंवा धुळ्याचे गरुड वाचनालय यांसारख्या जुन्या ग्रंथालयांत जुनी छपाई मिळाली तर जागोजागच्या अनुस्वारांनी बिचकू नये. पाच-दहा पानांत डोळ्यांना सवय होते. वाचण्याचा वेगही मूळ वाचकांसारखाच ठेवावा. एका बैठकीत दोन-तीन प्रकरणे वाचून थांबले की पाल्हाळ जाचत नाही, कारण लेखकाने आठवड्याची विश्रांती गृहीत धरूनच प्रत्येक हप्ता लिहिला होता.