अडीच मिलिमीटरची कड

लेखमाला : घरी घडलेली गाडी (भाग ४)

मागच्या भागात सांगाडा आणि फायबरग्लासची बॉडी झाली. आता गाडी चाकांवर उभी आहे आणि तिला रस्त्यावर न्यायचं आहे. घरच्या गॅरेजात स्पोर्ट्स कार बांधणाऱ्यांबद्दल बोलताना सगळं कौतुक हातातल्या कसबाच्या वाट्याला जातं. माझं म्हणणं असं, की हा छंद जिथे रुजला तिथे तो कसबापेक्षा सरकारी नियमांमुळे रुजला. कसबी माणसं कुठल्याही गावात सापडतात. एकट्या माणसाने बांधलेली एकुलती एक गाडी तपासून तिला नंबर देणारी व्यवस्था मात्र मोजक्याच देशांत आहे.

सुरुवात करापासून झाली. १९५७ मध्ये कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ ही छोटी, उघडी आणि कमालीची हलकी गाडी आणली. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर जबर खरेदी कर होता, सुट्या भागांवर तो लागत नसे. साहजिकच लोक सुटे भाग घेऊन गाडी घरी जोडू लागले. जोडणीच्या सूचना दिल्या तर सवलत जाईल, म्हणून कंपनीने गाडी खोलायच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकांनी त्या उलट्या क्रमाने वाचल्या, हा किस्सा आजही सांगतात. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आला आणि सवलत संपली. निव्वळ पैशांचा हिशेब असता तर हा उद्योग तिथेच थांबला असता. पण त्याच वर्षी कॅटरहॅमने सेव्हनचे हक्क घेतले आणि ती गाडी सुट्या भागांत मिळत राहिली. १९९६ मध्ये रॉन चँपियन या शाळामास्तरांनी अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार कशी बांधावी यावर पुस्तकच काढलं. चौकोनी पोलादी नळ्या आपणच कापून वेल्ड करायच्या. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल भंगारातल्या फोर्ड एस्कॉर्टमधून काढायचा. हा श्रीमंतांचा खेळ आहे असं म्हणणाऱ्यांनी हे पुस्तक जरूर पाहावं.

सवलत गेल्यावरही छंद टिकला, कारण रस्त्यावर जाण्याची वाट खुली होती. १९९८ पासून ब्रिटनमध्ये अशा प्रत्येक गाडीची स्वतंत्र चाचणी सक्तीची झाली. २००९ पासून ती ‘आयव्हीए’ या नावाने चालते. कारखान्याच्या मॉडेलचा एक नमुना तपासला की तशा हजारो गाड्या रस्त्यावर येतात. इथे जी गाडी तपासली तीच आणि तेवढीच रस्त्यावर येते. चाचणी किती बारकाईची असते ते पाहा. शंभर मिलिमीटर व्यासाचा गोळा बॉडीला जिथे जिथे टेकू शकतो, तिथल्या प्रत्येक कडेच्या गोलाईची त्रिज्या किमान अडीच मिलिमीटर हवी. पायी चालणाऱ्याला धक्का लागला तरी त्याला कापू नये, हा हेतू. म्हणून बांधणारे उघड्या नटांवर प्लास्टिकच्या टोप्या घालतात, पत्र्याच्या कडेला रबरी पट्टी चढवतात. ब्रेकचा नियम तर मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जुन्या एस्कॉर्टचे ब्रेक तिच्या वजनाला बेतलेले असतात. तेच कितीतरी हलक्या गाडीला लावले की पुढच्या-मागच्या चाकांचा तोल बिघडतो. मागची चाकं आधी जाम झाली तर गाडी गर्रकन फिरते. म्हणून चाचणीत पुढची चाकं आधी जाम व्हावी लागतात. हे प्रमाण जुळवायचा स्क्रू असेल, तर तो नंतर कोणाला फिरवता येणार नाही असा पक्का करावा लागतो. नुसता चेकनट आवळून भागत नाही; आरपार भोक पाडून पिन ठोकावी लागते किंवा वेल्ड मारावा लागतो. हे सगळं चाचणीच्या पुस्तिकेत आधीच छापलेलं असतं, त्यामुळे पहिली नळी कापण्यापूर्वीच बांधणाऱ्याला आपली परीक्षा ठाऊक असते.

चाचणी झाल्यावर रबरी पट्ट्या काढून टाकणारे आहेत, असा एक आक्षेप घेतला जातो. तसे लोक आहेतच. पण पिन ठोकलेला ब्रेक, स्टिअरिंग, सीटबेल्टच्या बोल्टची जागा या गोष्टी कोणी घरी जाऊन मोडत नाही, आणि जीव जातात ते यांच्यातल्या दोषांनी. याहून वजनदार आक्षेप असा, की एकुलती एक गाडी भिंतीवर आदळून पाहता येत नाही. हे मान्य करायलाच हवं. अशा गाडीत बसणारा आजच्या साध्या हॅचबॅकमधल्या माणसाइतका सुरक्षित नसतो. पण मोटारसायकलस्वारालाही आपण तो धोका पत्करू देतो. शासनाचं पहिलं काम रस्त्यावरच्या इतरांना जपण्याचं आहे. धुराबाबत मात्र सगळे नियम सारखे चांगले नाहीत. कॅलिफोर्नियात वर्षाला ५०० घरगुती गाड्यांना, त्या ज्या सालच्या गाडीसारख्या दिसतात त्या सालचे धुराचे निकष लावून घेता येतात. साठच्या दशकातली दिसते म्हणून गाडीला साठच्या दशकाचा धूर माफ, हे मला पटत नाही. ब्रिटन इंजिनाचं वय पाहतं, तेच योग्य.

नकलेचाही प्रश्न येतो. कॅरोल शेल्बी यांनी १९६२ मध्ये ब्रिटिश एसी गाडीत फोर्डचं व्ही-८ इंजिन बसवून कोब्रा घडवली. साठच्या दशकात तशा जेमतेम हजारभर गाड्या झाल्या, आणि त्यांतली पहिली २०१६ च्या लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरना गेली. साहजिकच जगात नकला अस्सल कोब्रांहून कितीतरी जास्त आहेत. मॅसेच्युसेट्समधली फॅक्टरी फाइव्ह कंपनी १९९५ पासून असे संच विकते आहे. यात फसवणूक होऊ नये याची काळजी पुन्हा नोंदणीच घेते. ब्रिटनमध्ये ज्या गाडीचं वय किंवा मूळ ठरवता येत नाही, तिच्या नंबरपाटीची सुरुवात ‘क्यू’ने होते. खरी किंमत लपवायला जागाच उरत नाही.

आपल्याकडे हे दार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत उत्पादकाने पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून नमुना मंजूर करून घ्यायचा असतो. एकच गाडी बांधणाऱ्याला हा खर्च झेपणारा नाही. आहे ती गाडी बदलावी, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाबाहेरचा बदल चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. कसब इथे कमी नाही. अलिबागच्या चिंकारा मोटर्सने अँबॅसिडरमध्ये बसणारं १.८ लिटरचं इसुझू इंजिन लावून सेव्हनच्या वळणाची रोडस्टर घडवली. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बांधली. २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचं जाहीर कौतुक केलं, ती नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या अडवली जाईल हेही सांगितलं, आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. त्यांचा मोठेपणा खराच. पण त्या जीपला रस्त्यावर आणण्याचा मार्ग त्यांनाही दाखवता आला नाही, कारण तो कायद्यातच नाही.

‘आपल्याकडे अशी सूट दिली की आरटीओत चिरीमिरी आणि रस्त्यावर जुगाड’ हे उत्तर हमखास मिळतं. भीती निराधार नाही. मात्र जुगाड गाड्या आजही माणसं भरून धावतात, तेही तपासणीविना. आणि एकेक गाडी तपासण्याची शिस्त या देशाला नवी नाही. इंदूरजवळ पीथमपूरला होणाऱ्या बाहा स्पर्धेत अभियांत्रिकीचे विद्यार्थी नळ्या वेल्ड करून गाड्या आणतात. ब्रेकच्या चाचणीत चारही चाकं जाम झाली नाहीत, तर तिथे गाडी शर्यतीत उतरूच देत नाहीत. हीच कसोटी एआरएआयच्या आवारात, आरटीओच्या खिडकीपासून दूर, बांधणाऱ्याकडून पूर्ण शुल्क घेऊन लावता येईल. प्रवासी आणि माल वाहायला बंदी, एका माणसाला एकच गाडी, इंजिनाच्या वयाप्रमाणे धुराचे निकष, आणि राज्यागणिक दरवर्षी ठरावीक संख्या, एवढ्या अटींवर सुरुवात करायला हरकत नसावी.

(पुढील आठवड्यात : वायरिंग आणि दिवे)