ऐकणाऱ्यांच्या घरी राहिलेला आवाज

अमरावती जिल्ह्यातलं चिखलदऱ्याचं पठार समुद्रसपाटीपासून १,११८ मीटर उंच. दिवसा मध्यम लहरी शोषून घेणारा वातावरणातला थर सूर्य मावळला की विरतो आणि दूरदूरची केंद्रं रेडिओवर लागू लागतात. खालच्या दऱ्यांतल्या कोरकू गावांत एफएमच्या लहरी डोंगराला अडतात; तिथे मध्यम लहरीच कामी येतात. १६ जुलै १९४८ रोजी आकाशवाणीचं नागपूर केंद्र सुरू झालं, तेव्हा याच अमरावती जिल्ह्यातले दोन आवाज महाराष्ट्रभर घुमत होते : शेंडगावचे गाडगेबाबा आणि यावलीचे तुकडोजी महाराज. बाबा त्यानंतर आठ वर्षं होते, महाराज वीस वर्षं. त्या काळात त्यांचा आवाज कुठे कुठे मुद्रित झाला आणि कुठे वाजला, याचा नेटाने शोध घ्यायला हवा. तो केंद्राच्या कपाटांत जितका घ्यायचा, त्याहून जास्त श्रोत्यांच्या घरी घ्यायला हवा.

कारण प्रसारण झालं म्हणजे जतन झालं असं नाही. टेपचा सात इंची स्पूल सेकंदाला साडेसात इंच वेगाने फिरवला तर त्यावर जेमतेम अर्धा तास मावतो. टेप महाग, म्हणून जुनं पुसून नवं भरायचं, हा जगभरच्या रेडिओ केंद्रांचा रिवाज होता. वाचलं ते कुणाला तरी वेळीच मोलाचं वाटलं म्हणून. १९४७-४८ मध्ये दिल्लीत प्रार्थनासभेनंतर गांधीजी बोलत, ते आकाशवाणीने मुद्रित करून ठेवलं. आज तो आवाज ऐकू येतो तो त्यामुळेच. गावात रात्रभर चालणाऱ्या कीर्तनापर्यंत असं यंत्र क्वचितच पोचलं.

गाडगेबाबांचं एक कीर्तन मात्र वाचलं. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत, वांद्रे पोलीस ठाण्यात झालेलं ते कीर्तन टेपवर आहे. त्यानंतर दीड महिन्यातच, २० डिसेंबरला, वलगावजवळ पेढी नदीच्या काठी बाबा गेले. ती ध्वनिफीत कान देऊन ऐकावी. बाबांचं कीर्तन म्हणजे सवाल-जवाब. ते वऱ्हाडी बोलीत विचारत आणि समोरच्यांनी उत्तर द्यायचं. कर्ज, दारू, नवस, शाळा, सगळं त्या प्रश्नांत यायचं. असं कीर्तन नुसतं कागदावर उतरवलं की अर्धं मरतं. समोरून उत्तर येईपर्यंतचा क्षणभराचा थांबा, एकाच वेळी उठलेले अनेक गळे, पुन्हा गजर, हे कोणत्याही चरित्रात सापडणार नाही. चिखलदऱ्याचा घाट उतरल्यावर लागणाऱ्या परतवाड्यात जन्मलेले गो. नी. दांडेकर तरुणपणी बाबांच्या सहवासात राहिले आणि पुढे त्यांनी बाबांचं चरित्र लिहिलं. दांडेकरांसारख्या शब्दप्रभूलाही आवाजाची ही उणीव भरून काढता येणं शक्य नव्हतं.

हरवलेलं बोलणं ऐकणाऱ्यांकडून परत मिळवण्याचं काम याच जिल्ह्यात सातशे वर्षांपूर्वी झालेलं आहे. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा त्यांच्या सहवासात राहिलेल्यांना विचारून विचारून लिहिल्या. पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ ग्रंथ गेला आणि चक्रधरांच्या महानुभाव पंथाने तो आठवणीतून पुन्हा उभा केला. पंथातल्या हिराइसेसारखी स्मरणशक्ती असलेली माणसं होती म्हणून ते जमलं. वेगवेगळ्या लोकांनी सांगितलेल्यात फरक पडले, तेव्हा पंथाने एकच पाठ खरा मानून बाकीचे फेकून दिले नाहीत. म्हणूनच लीळाचरित्राचे निरनिराळे पाठ आज अभ्यासाला मिळतात. संशोधनाची ही शिस्त वऱ्हाडाने अभिमानाने सांगावी अशी आहे.

जगात इतरत्रही हीच वाट दिसते, कधी फार भीषण प्रसंगातून. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी गयानातल्या जोन्सटाउनमध्ये ‘पीपल्स टेम्पल’ या पंथाची नऊशेहून अधिक माणसं मेली. ही माणसं हौशी रेडिओच्या लहरींवरून अमेरिकेतल्या आपल्या लोकांशी बोलत. त्या वसाहतीतून अमेरिकी तपासयंत्रणेने सुमारे हजार टेप जप्त केल्या. त्यांत प्रवचनं आहेत, सभा आहेत आणि रेडिओवरचं बोलणंही आहे. त्या टेप ऐकून, उतरवून, सर्वांसाठी खुल्या करण्याचं काम रिबेका मूर आणि फील्डिंग मॅकगी या दांपत्याने अनेक वर्षं चालवलं. रिबेका यांच्या दोन बहिणी तिथेच गेल्या होत्या. माणसांना मरणापर्यंत नेणारा तो पंथ आणि माणसांना झाडू हाती घ्यायला लावणारे गाडगेबाबा यांच्यात काडीचंही साम्य नाही. घेण्यासारखं एवढंच की चिकाटीने टेप ऐकत बसायला आपलं माणूस लागतं.

श्रोत्यांनी लिहून ठेवल्याचाही दाखला महाराष्ट्रात आहे. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुण्याभोवतालच्या पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांसाठी श्रोतृमंडळं चालवली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि गावकऱ्यांचं म्हणणं केंद्राला लिहून कळवायचं. टेप पुसली गेली तरी असा कागद राहू शकतो. म्हणून शोध घेणाऱ्याने गावच्या जुन्या दप्तरांकडेही वळावं.

तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गेले. कॅसेट १९६३ साली युरोपात आली होती, पण रेडिओ आणि कॅसेट-रेकॉर्डर एकत्र असलेला टू-इन-वन खेड्यापाड्यांत पोचला तो बराच नंतर. म्हणजे महाराजांच्या हयातीतलं प्रसारण घरच्या कॅसेटवर मिळण्याची आशा जवळजवळ नाही. आशा आहे ती नंतरच्या पुनःप्रसारणांची. पुण्यतिथीला रेडिओवर लागलेलं जुनं भजन कुणी कॅसेटवर भरून घेतलं असेल, तर मूळ टेप पुसली गेली असली तरी खंजिरीसकट तो आवाज त्या कॅसेटवर असणार. अशी कॅसेट सापडली की लगेच जुन्या यंत्रात घालून वाजवू नये. आतला फेल्टचा तुकडा निसटलेला असू शकतो, फीत चिकटलेली असू शकते, आणि एकदा तुटली की आवाजही गेला. स्पूल उघडताच आंबूस वास आला तर टेपचा पायाच सडू लागला आहे; ती जाणकाराकडे ताबडतोब न्यावी.

दर वर्षी आश्विन वद्य पंचमीला तुकडोजी महाराजांच्या मोझरीच्या गुरुकुंज आश्रमात त्यांच्या पुण्यतिथीसाठी गावोगावचे गुरुदेवभक्त जमतात. तिथे दर वर्षी एक टेबल मांडावं आणि दोन तरुण वही घेऊन बसवावेत. घरी टू-इन-वन कधी आला? कपाटावरच्या डब्यात कॅसेटी आहेत का? नसतील तर कोणतं भजन, कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या सेटवर ऐकलं होतं? आजोबांनी एक सांगितलं आणि आजीने दुसरंच, तर दोन्ही लिहून घ्यावं, सांगणाऱ्याच्या नावानिशी, रिद्धपूरच्या रीतीने.