वीणेचे मोल

भंगारवाला लोखंड तोलतो, सोनार सोने तोलतो. पण जुने वाद्य कशात तोलावे? वाचकहो, हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला तो वाद्यांच्या दुकानात नव्हे, तर गेल्या वर्षी कपिलधारच्या यात्रेत.

बीड तालुक्यात मांजरसुंब्याजवळ, बालाघाटाच्या कुशीत हे स्थान आहे. येथे धबधबा आहे आणि ‘परमरहस्य’कार मन्मथस्वामींची समाधी आहे. कार्तिकी पौर्णिमेला मराठवाड्यातून, कर्नाटकातून दिंड्या पायी येतात. माझ्याबरोबर पुण्याचा पुतण्या होता. त्याला जुन्या गिटारी धुंडाळण्याचा नाद. गप्पांच्या ओघात हे कळताच एका दिंडीतल्या वृद्ध विणेकऱ्याने आपली अडचण त्याच्यापुढे मांडली. वीणेची तबली तडकली होती. शहरातले एक गृहस्थ दिवाणखान्यात टांगायला ती मागत होते. त्या पैशांत नवी वीणा सहज येईल, असे दिंडीतल्या तरुणांचे म्हणणे.

“लेकरा, तूच सांग, हिची किंमत काय?”

पुतण्या म्हणाला, “आजोबा, मला वीणेतलं कळत नाही. पण गिटारीला आम्ही चार प्रश्न विचारतो.”

पहिला प्रश्न, केली कोणी आणि केव्हा? अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीच्या गिटारींवर १८९८ पासून क्रमांक असतो. भोकातून आत डोकावले की तो दिसतो आणि त्यावरून साल कळते. दुसरा, लाकूड कोणते? ही कंपनी आपल्या उंची गिटारींना ब्राझीलचा शिसव वापरी. १९६९ पासून तिने मुख्यतः हिंदुस्थानी शिसव घेतला. ब्राझीलच्या शिसवाच्या परदेशी व्यापारावर १९९२ पासून कडक बंदी आली, आणि त्या जुन्या गिटारींचे भाव आणखी चढले. तिसरा, नंतर तिचे काय केले? मूळचे रोगण खरवडून चकचकीत पॉलिश केले, की गिटार नवी दिसते आणि किंमत उतरते! चौथा, वाजवली कोणी? कर्ट कोबेन या गायकाने १९९३ साली दूरदर्शनच्या पडद्यावर वाजवलेली १९५९ ची मार्टिन २०२० साली लिलावात साठ लाख डॉलरांना गेली. तसल्याच दुसऱ्या गिटारीला त्याच्या शतांश किंमतही यायची नाही.

आता हेच प्रश्न वीणेला. तिच्यावर क्रमांक नव्हता, चिठ्ठी नव्हती. पण आजोबांच्या आजाने ती मिरजेहून आणली, एवढे घरात ठाऊक होते. हे काही थोडे नाही. मिरजेला १८५० च्या सुमारास फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने हत्यारे सोडून सतारी घडवायला घेतल्या आणि त्या घराण्याचे आडनावच ‘सतारमेकर’ झाले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठाले भोपळे आजही तिथे येतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तिथला जाणता कारागीर भोपळ्याची जात, दांडीचे लाकूड आणि जोडकाम पाहून पुष्कळ काही सांगू शकतो. तडकलेली तबलीही बदलून देतो.

“तेव्हा विकायची असो की ठेवायची,” पुतण्या म्हणाला, “आधी मिरजेला दाखवा. तोवर तारा सैल करून ठेवा, पॉलिश लावू नका. आणि नक्षी हस्तिदंताची निघाली तर विकायचा विचार सोडा. तो व्यापार कायद्यानं बंद आहे.”

“आन् चौथा प्रश्न? वाजवली कोणी?” आजोबांनी आठवण दिली. मग स्वतःच बोटे मोडू लागले. शिवनाम सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. सात दिवस, सात रात्री ती या गळ्यातून त्या गळ्यात जाते. पहाऱ्याला उभे राहिलेल्यांची नावे ते सांगत गेले: कुणी गवंडी, कुणी वाणी, कुणी शाळेतला शिपाई, कितीतरी आता हयात नाहीत. विकायचा आग्रह धरणारा तरुण जवळच उभा होता. त्याच्या वडिलांचे नाव आले आणि तो गप्प झाला.

थोड्या वेळाने त्यानेच विचारले, “मिरजेला जायला गाडी कुठून मिळती?”

त्या गृहस्थांनी देऊ केलेला आकडा काही कमी नव्हता. बाजारात तो रास्तच ठरला असता. पण बाजाराला चौथ्या प्रश्नाचे उत्तर प्रसिद्ध माणसाच्या नावात हवे असते. या वीणेचे उत्तर एका गावाला ठाऊक होते, आणि त्या गावाबाहेर त्याला छदामही मिळाला नसता. म्हणून किंमत आधी नीट काढावी, जाणत्याकडून काढावी. मगच विकायचे की नाही ते ठरवावे.

यंदाच्या दिवाळीत माळा झाडताना तुमच्याही हाती एखादी सतार, बुलबुलतरंग किंवा मामाची गिटार लागेल. तिच्यावरची धूळ कोरड्या फडक्याने हलकेच पुसा. आणि घरात सर्वांत वडीलधारे कोण असेल त्याला विचारा, ही कोण वाजवीत असे?