मामांची अँबॅसिडर आणि बोटभर रोलर

दिवाळीच्या सुट्टीत मामांच्या अँबॅसिडरची काच धाडकन दारात पडली. मामा म्हणाले, "काय इंजिनियर, एवढं तरी जमेल ना?" तीन वर्षं मेकॅनिकलला काढल्यावर नाही कसं म्हणणार! पण अँबॅसिडरचं उत्पादन २०१४ मध्येच थांबलेलं. दुकानदाराने हात वर केले, भंगारातही काही सापडेना. म्हटलं, आपणच करू.

तर मित्रांनो, दाराच्या आत असतं काय? हँडल फिरवलं की छोटा पिनियन फिरतो. तो पंख्याच्या आकाराच्या दातेरी पट्टीला, म्हणजे सेक्टरला, फिरवतो. सेक्टरला जोडलेला दांडा वर जातो आणि दांड्याच्या टोकाचा रोलर काचेखालच्या चॅनलमध्ये सरकत काच उचलतो. हँडल सोडलं तरी काच पडत नाही, कारण पिनियनमागे एका डबीत घट्ट बसवलेली स्प्रिंग असते. हँडलकडून जोर आला की ती आवळते आणि सुटी फिरते. काचेकडून जोर आला की फुगते आणि डबीला धरून ठेवते.

थोडं गणित करू. काच ८० × ४५ सें.मी., जाडी ४ मि.मी. धरली, तर वजन साधारण ३.६ किलो, म्हणजे ३५ न्यूटन. दांडा ३० सें.मी. लांब आणि आडवा असताना टॉर्क १०.५ न्यूटन-मीटर. गिअर रेशो ८ धरला तर हँडलवर उरतात फक्त १.३! म्हणून लहान पोरही काच वर करतं. पण रोलरवर मात्र काचेचा पूर्ण भार येतो.

आमचा रोलरच झिजून तुटला होता. मी टर्नरकडून मस्त स्टीलचा करून घेतला. "आता जन्मभर चिंता नाही," असं मामांना सांगूनही टाकलं. महिन्याभरात काच अडकायला लागली. खोलून पाहतो तर रोलर ठणठणीत, पण चॅनलची कड खाल्लेली!

कॉलेज सुरू झाल्यावर वर्कशॉपमधल्या सरांना दाखवलं. ते हसले. "पार्टचं माप घेतलंस, काम विचारलंस का? तो मऊ होता तो झिजण्यासाठीच. स्वस्त पार्टने झिजायचं आणि महागाचा वाचवायचा."

मग चॅनलची कड घासून सरळ केली आणि लेथवर नायलॉनचा रोलर काढला. नायलॉन ओलावा शोषून फुगतो आणि पावसाळ्यात दारात पाणी जातंच, म्हणून थोडा क्लिअरन्स ठेवला. डेलरीन मिळालं तर आणखी बरं, ते कमी फुगतं.

कुणी करणार असाल तर तीन गोष्टी सांभाळा. सेक्टरला मोठी गुंडाळी स्प्रिंग असेल, तर खोलण्याआधी सेक्टर बोल्टने अडकवा. नाहीतर तो उसळून बोटं जातील. टफन्ड काचेला भोक पाडू नका किंवा ती घासू नका, क्षणात चुरा होतो. आणि काचेच्या रबराला ग्रीस नको, सिलिकॉन स्प्रे मारा.

काच आता सुरळीत चालते. रोलर कधीतरी झिजेल, हे मामांना या वेळी आधीच सांगून ठेवलंय. दोन जास्तीचे रोलर डिकीत टाकून दिलेत!