सोडवणाऱ्याची आठवण

गेल्या पावसाळ्यात आंबा घाटात रात्री साडेनऊला आमच्या गाडीचं मागचं डावं चाक बसलं. स्टेपनी होती, जॅक होता, गाडीबरोबर आलेला एल आकाराचा पानाही होता. पण चारपैकी एकही नट जागचा हलेना. पायाने दाबून पाहिलं तेव्हा पाना निसटला, नटाचे कोपरे झिजले आणि माझ्या बोटांची सालपटं निघाली. अर्ध्या तासाने दुधाचा टेम्पो थांबला. ड्रायव्हरने सीटखालून हातभर दांडा आणि गोटी, म्हणजे नटावर बसणारा सॉकेट, काढली. तीन नट सुटले. चौथ्याचा बोल्ट मुळातून तुटला.

चारच दिवसांपूर्वी मी टायर फिरवून घेतले होते. दुकानातल्या पोराने हवेच्या गनने खर्रर्र करून नट आवळले होते आणि मी समाधानाने पैसे दिले होते. घाटातली फजिती खरी त्या दुकानात सुरू झाली होती. घट्ट बसलेल्या नटाबद्दल बोलताना आपण नेहमी सोडवण्याच्या हत्यारांबद्दल बोलतो. खरं तर तो पुढे सुटेल की नाही, हे बहुतेक वेळा कसतानाच ठरलेलं असतं.

जोर आणि लांबी

पाना फिरवताना नटावर जो पीळ पडतो, त्याला टॉर्क म्हणतात. हाताचा जोर गुणिले दांड्याची लांबी, इतकंच त्याचं गणित. पाव मीटरच्या पान्यावर 40 किलोंचा भार टाकला तर 10 किलोग्रॅम-मीटर, म्हणजे जवळपास 100 न्यूटन मीटर पीळ पडतो. दांडा 60 सेंटिमीटरचा असेल तर तेवढ्याच कामाला 17 किलोंचा भार पुरतो. लहान मोटारींच्या चाकाचे नट साधारण 85 ते 120 न्यूटन मीटरला कसतात. मोठ्या ट्रकच्या नटांना 600 किंवा त्याहून अधिक लागतात. साठ किलोंच्या माणसाने मीटरभर दांड्याच्या टोकावर सगळं अंग टाकावं, एवढा हा पीळ. गंज चढला किंवा गनने अति आवळलं की सोडवताना याहून बराच जास्त लागतो.

म्हणून सोडवायला पहिलं हत्यार म्हणजे लांब, भरीव दांडा. बाजारात त्याला ब्रेकर बार म्हणतात. त्यात कटकट करणारी दातेरी यंत्रणा नसते, त्यामुळे मोडण्यासारखं फारसं काही नसतं. कटकट पाना, म्हणजे रॅचेट, सैल झालेला नट भराभर फिरवायला उत्तम. त्याच्यावर पाईप चढवून जोर लावला की आतले बारीक दाते तुटतात आणि हात थेट बोनेटवर आदळतो.

दुसरी निवड गोटीची. सहा कोनांची गोटी नटाच्या सपाट बाजू धरते. बारा कोनांची गोटी कोपऱ्यांवर भार टाकते. नट गंजून आधीच झिजलेला असेल तर बारा कोनी गोटी त्याला गोल करून टाकते. फिक्स पाना तर अशा कामाला हाती घेऊच नये, कारण त्याचं तोंड दोनच बाजू पकडतं आणि जोराने फाकतं. दांड्याच्या टोकाचा, गोटी बसते तो चौकोनही पाहावा लागतो. पाव आणि तीन अष्टमांश इंची संच घरगुती कामाला, अर्धा इंची मोटारीच्या चाकाला, पाऊण आणि एक इंची ट्रक-ट्रॅक्टरला. अर्ध्या इंची चौकोनावर ट्रकचा नट सोडवायला गेलात तर आधी दांडाच पिळेल.

वजन टाका

त्या रात्रीनंतर मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका जुन्या मिस्त्रींकडे जाऊन बसलो. त्यांच्यासमोर ट्रॉलीचं चाक होतं, नटांवर तांबूस पापुद्रे आलेले. त्यांनी तारेच्या ब्रशने आधी उघडे आटे साफ केले, मग नटाच्या बुडाशी तेल सोडलं आणि चहा मागवला. चहा संपेपर्यंत पान्याला हात नाही. मग गोटी हातोडीने ठोकून पूर्ण आत बसवली, दांडा जमिनीला समांतर धरला.

"जोर लावू नगा, दादा. वजन टाका," ते म्हणाले आणि दांड्याच्या टोकावर तळहात ठेवून सावकाश वाकले. 'कट्ट' असा कोरडा आवाज झाला. गंजाची पकड सुटल्याचा तो आवाज. मग त्यांनी नट थोडा परत कसला, पुन्हा सोडला, पुन्हा तेल. असं पुढे-मागे केल्याने गंजाचा भुगा आट्यांत न अडकता बाहेर येतो.

या थांबण्यालाही कारण आहे. लोखंड गंजलं की त्याचं आकारमान कितीतरी पटीने वाढतं आणि तो गंज आट्यांच्या फटीत पाचरीसारखा बसतो. पातळ तेलाला त्या फटीत झिरपायला वेळ लागतो. रॉकेलही चालतं, फक्त घाई चालत नाही. तेलाने भागलं नाही तर उष्णता. नट तापला की फुगतो आणि गंजाची साखळी तुटते. पण टायर चढवलेल्या चाकाच्या नटावर ज्योत कधीही धरू नका. उष्णतेने आतलं रबर विघटित होऊन टायर स्फोटासारखा फुटतो आणि माणसं जिवाला मुकतात.

चाकाचे नट जॅक लावण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच ढिले करावेत. दांडा शक्यतो स्वतःकडे ओढावा. ढकलावाच लागला तर तळहात उघडा ठेवावा. आणि आटे उलटे नाहीत ना, हे आधी पाहावं. सायकलचं डावं पॅडल उजवीकडे फिरवल्यावर सुटतं, हे विसरून कित्येकांनी क्रँक खराब केला आहे.

हाताला न जुमानणाऱ्या कामासाठी दोन वाटा आहेत. इम्पॅक्ट गन सलग पीळ देत नाही, एकामागोमाग झपाट्याने ठोके देते. त्या ठोक्यांनी गंज हादरतो, म्हणून सोडवायला ती फार गुणी. तिच्यावर काळ्या रंगाच्या इम्पॅक्ट गोट्याच लावाव्यात. चकचकीत क्रोम गोटी कठीण असते, ठोक्याने तडकून तिचे तुकडे उडू शकतात. दुसरी वाट गिअर पान्याची. ट्रकवाले हल्ली पेटीत ठेवतात तो. त्याचा पाय शेजारच्या नटाला टेकवायचा आणि हँडल फिरवत राहायचं. आतली दातेरी चक्रं वेगाच्या बदल्यात पीळ वाढवतात. हँडलचे पुष्कळ फेरे होतात तेव्हा नट थोडा सरकतो, पण सरकतो.

कसताना मोजमाप

सोडवायला ताकद लागते, कसायला मोजमाप. बोल्ट म्हणजे अतिशय ताठ स्प्रिंग. नट कसला की तो केसभर ताणला जातो आणि त्या ताणाने चाक हबला धरून राहतं. आपण लावलेल्या पिळातला साधारण दहावा हिस्साच हा ताण निर्माण करतो. बाकीचा नटाखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात जातो. म्हणून सोडवताना मित्र असलेलं तेल कसताना घात करतं. घर्षण कमी झालं की तेवढ्याच पिळात बोल्ट जास्त ताणला जातो. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलं नसेल तर चाकाचे आटे साफ आणि कोरडेच ठेवावेत.

आणि ताणाला मर्यादा असते. बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असे आकडे कोरलेले असतात. 8.8 चा बोल्ट 800 मेगापास्कलला तुटतो, पण त्याच्या 80 टक्क्यांवरच, म्हणजे 640 ला, कायमचा लांबतो. लांबलेला बोल्ट वरून धडधाकट दिसतो. माझा चौथा बोल्ट तसाच होता.

यावरचं हत्यार म्हणजे टॉर्क पाना. ठरवलेला आकडा आला की तो 'टिक्' करतो. तिथेच हात थांबवायचा. याने नट कधीही सोडवू नये आणि काम झालं की आकडा सर्वांत खाली आणून ठेवावा, म्हणजे आतली स्प्रिंग थकत नाही. नट आधी बोटांनी लावायचे, मग समोरासमोर अशा क्रमाने कसायचे आणि 80-100 किलोमीटर चालवून पुन्हा तपासायचे. साताऱ्याजवळ वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. तसल्या मनोऱ्यांच्या जाडजूड बोल्टनाही तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राने मोजूनच ताण देतात. तिथे कोणी 'हाताच्या अंदाजाने' म्हणत नाही. मग जिच्यात घरची माणसं बसतात त्या गाडीसाठी का म्हणावं?

आता माझ्या डिकीत 60 सेंटिमीटरचा अर्धा इंची दांडा, नटाच्या मापाची सहा कोनी गोटी आणि टॉर्क पाना आहे. टायरच्या दुकानात मी शेवटचं कसणं गनने करू देत नाही. माझी मुलगी हीच गाडी एकटी पुण्याला नेते. परवा तिला अंगणात बोलावलं, दांडा हातात दिला. तिने तळहात टेकवला, वजन टाकलं. चारही नट एकेका 'कट्ट'मध्ये सुटले. मग तिनेच ते 'टिक्' होईपर्यंत कसले.