खुणेचा दगड

नाशिक शहरातून विसावा अक्षांश जातो. रस्त्यावर तो कुणाला दिसत नाही, पण सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे जमवणाऱ्याला तो लगेच नडतो. पंचवटी ४६ एच/१६ या तुकड्यावर, तर नाशिकरोड ४७ ई/१३ वर! एका शहरासाठी दोन कागद सांभाळावे लागतात. जुन्या मोजणीच्या खुणा शोधत हिंडायचा छंद लावून घ्यायचा असेल, तर सुरुवात या दोन कागदांपासूनच करावी.

नकाशात डोंगरमाथ्यावर बारीक त्रिकोण, त्यात टिंब आणि शेजारी उंचीचा आकडा दिसला, की ते त्रिकोणमितीय मोजणीचं ठाणं समजावं. नुसतं टिंब आणि आकडा असेल, तर तिथली उंची काढली होती एवढंच कळतं. प्रत्यक्षात दगड असेलच असं नाही. नवशिके इथेच फसतात आणि दिवसभर माथा धुंडाळून रिकाम्या हाताने उतरतात. ‘बीएम’ ही अक्षरं म्हणजे बेंचमार्क, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची पक्की केलेली जागा.

या त्रिकोणांची कथा १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सुरू होते. विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने तिथे जमिनीवर साखळीने एक आधाररेषा मोजायला घेतली. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले, की उरलेल्या दोन बाजू गणिताने निघतात, आणि त्यातली एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. असं करत करत अख्खा देश मोजायचा, हा त्याचा बेत. कोन मोजायचा थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचा होता. तो माणसांच्या खांद्यांवरून टेकड्यांवर चढवला जाई. लॅम्बटन मोजणी करतच विदर्भात पोचला आणि २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. ती पाहायला जाणारे फार थोडे, याचं वाईट वाटतं.

कोन घ्यायचे तर एका माथ्यावरून दुसरा माथा दिसायला हवा. सातमाळा रांगेत हिंडलेल्या नाशिककराला हे समजावून सांगायला नको. धोडपवर उभं राहिलं, की पश्चिमेला रवळ्या-जवळ्या, मार्कंड्या, सप्तशृंगी ओळीने उभे असतात. उत्तरेकडे बागलाणात १५६७ मीटरचा साल्हेर. दिवसा लांबच्या ठाण्यावरून आरशाने ऊन परावर्तित करायचं, रात्री दिवे लावायचे, आणि इकडे दुर्बिणीतून ती चमक पकडायची, अशी रीत होती.

ठाण्यावर शोधायचं ते चबुतऱ्याला नव्हे. खरी खूण म्हणजे खडकात किंवा दगडात कोरलेलं छोटं वर्तुळ आणि त्याच्या मधोमध टिंब. सगळी मापं त्या टिंबापासूनची. पुष्कळ ठाण्यांवर वरच्या दगडाच्या बरोबर खाली दुसरा खुणेचा दगडही पुरलेला असे. वरचा कुणी उखडला तरी जागा हरवू नये, ही त्यामागची हुशारी. यंत्राचा खांब भोवतालच्या ओट्यापासून सुटा ठेवत, म्हणजे निरीक्षकाच्या पावलांनी यंत्र हलायचं नाही.

दिवाळीत लगेच निघू नका. गवत कमरेएवढं असतं. मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंतचे दिवस उत्तम, आणि वेळ सकाळची किंवा उतरत्या उन्हाची. तिरप्या प्रकाशात उथळ कोरीव रेघ उठून दिसते. भर दुपारी तीच रेघ सपाट होऊन जाते. जुना रंगाचा ब्रश आणि बाटलीभर पाणी पुरे. खडू, चुना काही लावू नये. किल्ल्यांवर तंबूच्या आणि निशाणाच्या खांबांची भोकं असतात, कातळात वाघ-बकरीचे पट आणि मंकाळ्याच्या खेळाचे खळगे असतात. त्यांना मोजणीची खूण समजणारे उत्साही लोकही कमी नाहीत.

डोंगर चढवत नसेल, तर बेंचमार्क शोधावेत. ते जुने पूल, सरकारी इमारती, देवळांचे चौथरे अशा न हलणाऱ्या बांधकामांवर कोरत. देशातली अशी पातळीमोजणी १८५८ मध्ये सुरू झाली. कराची, मुंबई, कारवारसह नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून ठरवलेल्या समुद्रपातळीशी १९०९ पर्यंत तिचा मेळ घातला गेला. नागपूरचा शून्य मैलाचा दगड याच कुळातला. नाशिकने मात्र स्वतःचा बेंचमार्क केव्हाच निवडून ठेवलाय. गोदेला पूर आला, की इथे कुणी मीटर विचारत नाही. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं की छातीला, एवढंच विचारतात. नाहीतर सरकारवाड्याच्या किती पायऱ्या बुडाल्या ते मोजतात.

ब्रिटनमध्ये हा छंद चांगलाच रुजलाय. तिथल्या ऑर्डनन्स सर्व्हेने १९३६ पासून साडेसहा हजारांच्या आसपास काँक्रीटचे खांब उभारले आणि लोक ते एकेक करून ‘गाठतात’. आपल्याकडे खांब उठून दिसत नाहीत. पुष्कळ माथ्यांवर देऊळ झालं, फरशी बसली. पण उलटंही घडतं. शिवेवरच्या दगडाला कुणी शेंदूर फासला, की तो म्हसोबा होतो आणि मग त्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही. जतनाची याहून स्वस्त योजना मला तरी माहीत नाही.

शिवेवरून आठवलं, शिवार मोजायची साखळी ३३ फुटांची असे. तिचा चौरस म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर. त्याआधीचं माप पाहायचं असेल तर पांडवलेण्यांत जा. तिसऱ्या लेण्यातल्या शिलालेखात राजा गौतमीपुत्र सातकर्णीने भिक्खूंना २०० निवर्तनं शेत दिल्याची नोंद आहे. सहा वर्षांनी दुसरा हुकूम निघाला: ते शेत कसलं जात नाही, गावात वस्ती नाही, म्हणून नगराच्या शिवेवरचं १०० निवर्तनं राजाचं शेत द्यावं. महसुली पत्रव्यवहार इतका जुना आणि इतका ओळखीचा!

एक पथ्य. खोदू नका, दगड हलवू नका. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार सीमाचिन्ह बिघडवणं हा गुन्हा आहे. अंजनेरीसारख्या ठिकाणी वनखात्याचे नियम आणि गिधाडांची घरटीही सांभाळायची. नोंद करताना तुकड्याचा क्रमांक, खुणेची अवस्था आणि जवळची ठळक वस्तू लिहावी. आता भूकरमापक रोव्हर घेऊन येतो आणि उपग्रहावरून जागा काढतो. तरी ‘हद्द कायम’ची मोजणी असली, की टिपण उलगडून तो गावातल्या म्हाताऱ्याला विचारतोच, “बाबा, जुना दगड कुठंशी होता?”