प्रगती मैदान आणि दिल्लीची पंगत

नवी दिल्लीच्या प्रगती मैदानावर दरवर्षी १४ ते २७ नोव्हेंबर या काळात भारतीय आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा भरतो. भारत व्यापार संवर्धन संघटनेतर्फे १९८० पासून आयोजित होणाऱ्या या मेळ्यात २०२० साली करोनाच्या साथीमुळे खंड पडला. जुनी दालने पाडून उभारलेले ‘भारत मंडपम’ संकुल २०२३ मध्ये खुले झाले आणि मैदानाचे रूप पालटले. राज्यांची दालने मात्र पूर्वीप्रमाणेच सजतात आणि त्यांत गावोगावचे लघुउद्योजक आपापला माल मांडतात.

मेळ्याचे पहिले काही दिवस व्यापाऱ्यांसाठी राखीव असतात; त्यानंतर सर्वसामान्यांना प्रवेश मिळतो. किरकोळ विक्री या दुसऱ्या टप्प्यात होते. परंतु गाळ्याचे भाडे, रेल्वेचा प्रवास, मालाची वाहतूक आणि निवास यांवरील खर्च ज्या एखाद्या घाऊक मागणीने भरून निघायचा, तिचे बीज बहुधा पहिल्या दिवसांतच पडते. आणि ते गाळ्यावर क्वचितच रुजते. गर्दीत उभा असलेला खरेदीदार दरपत्रक घेतो, नमुना हाताळतो, ओळखपत्र देऊन पुढे जातो. दरमहा किती नग पुरवता येतील, उधारीची मुदत किती, वाटेत माल फुटल्यास नुकसान कोणाचे, या प्रश्नांना निवांत तासभर लागतो. तो तास जेवणाच्या मेजावर मिळतो. म्हणूनच दिल्लीतील खाद्यगृहांची माहिती ही मेळ्यास निघालेल्या उद्योजकाच्या दृष्टीने केवळ चैनीची बाब ठरत नाही.

सुदैवाने प्रगती मैदानाच्या आसपास उत्तम खाद्यगृहांची वाण नाही. मैदानालगतच्या मेट्रो स्थानकाचे नाव आता ‘सुप्रीम कोर्ट’ असे आहे. तेथून पुढचेच स्थानक मंडी हाउस. तेथून पायी जाण्याच्या अंतरावर बंगाली मार्केट लागते. छोले-भटुरे, गोलगप्पे आणि मिठाई यांसाठी ते प्रसिद्ध असून दुपारच्या घाईच्या जेवणास सोयीचे आहे.

मंडी हाउसला गाडी बदलून जांभळ्या मार्गाने निघाल्यास आयटीओ, दिल्ली गेट आणि जामा मशीद ही स्थानके ओळीने येतात. दिल्ली गेटजवळच्या दर्यागंजात १९४७ मध्ये ‘मोती महल’ सुरू झाले. फाळणीनंतर पेशावरहून आलेल्या कुंदनलाल गुजराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तंदुरी कोंबडीला येथूनच लोकप्रियता मिळवून दिली. बटर चिकनही याच परंपरेतले. त्याचे जनकत्व नेमके कोणाचे, हा वाद मूळ भागीदारांच्या वारसांच्या उपाहारगृहांमध्ये पेटून २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात पोहोचला. भागीदारीपत्र करताना नाममुद्रा आणि पाककृती यांचाही उल्लेख का असावा, याचे याहून चविष्ट उदाहरण सापडणे कठीण!

जामा मशिदीसमोरच्या गल्ली कबाबियांमध्ये ‘करीम’ हे १९१३ पासूनचे उपाहारगृह आहे. मटण कोर्मा आणि कबाब हा त्याचा लौकिक. जागा अरुंद, गोंगाट भरपूर. तेव्हा पाहुण्याबरोबर दरांची घासाघीस करायची असल्यास ही जागा टाळावी. काम आटोपल्यावर सहकाऱ्यांसह जाण्यास मात्र याच्यासारखी दुसरी नाही.

पाहुणा शाकाहारी असून कांदा-लसूणही वर्ज्य मानत असेल, तर चांदणी चौकातील पराठेवाली गली उपयोगी पडते. तेथील जुन्या दुकानांत पराठे तव्यावर शेकण्याऐवजी कढईत तळले जातात. सोबत भोपळ्याची भाजी आणि चिंचेची चटणी. दक्षिणेकडील खरेदीदारास इंडिया गेटजवळच्या आंध्र भवनातील थाळी आपलीशी वाटते. पाहुण्याच्या आहाराची चौकशी आदल्या दिवशीच करावी. ती विचारपूस सौजन्याचीही ठरते.

नोव्हेंबरात जुन्या दिल्लीत ‘दौलत की चाट’ दिसू लागते. दूध घुसळून त्याचा फेस अलगद काढून घेतात आणि त्यावर केशर, साखर व पिस्ते घालतात. उन्हाने हा फेस विरतो, म्हणून ती हिवाळ्यातच मिळते आणि सकाळी खाणे उत्तम. दालन उघडण्यापूर्वी एखाद्या दिवशी तेवढी सवड काढावी.

राहता राहिला खर्चाचा हिशेब. खरेदीदारासोबतच्या जेवणाचे देयक जपून ठेवावे आणि मागे पाहुण्याच्या संस्थेचे नाव व तारीख लिहावी. आयकरासाठी व्यवसायखर्च दाखवताना ते पुरावा म्हणून उपयोगी पडते. वस्तू व सेवा कराच्या बाबतीत मात्र अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. उपाहारगृहातील जेवणावरील कराची वजावट उत्पादक व्यावसायिकास मिळत नाही. हॉटेलच्या खोलीवर दिल्लीचा कर लागतो. त्यामुळे केवळ महाराष्ट्रात वा अन्य राज्यात नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यास त्याचीही वजावट घेता येत नाही. दौऱ्याचे अंदाजपत्रक आखताना हा कर खर्चातच धरावा. जेवताना तोंडी ठरलेले दर, मुदत आणि आगाऊ रक्कम दुसऱ्या दिवशी सकाळी ईमेलने लिहून पाठवावी, आणि लेखी होकार आल्यावरच कच्च्या मालाची खरेदी सुरू करावी.